रात्री धावणारे आबा

मुलांनो, तुमच्या घरात झोपेत बोलणारं कुणी आहे का? असेलच. कुणाचा धाकटा भाऊ झोपेत पाढे म्हणतो, कुणाची बहीण मध्यरात्री उठून बसते, काहीतरी पुटपुटते आणि पुन्हा आडवी होते. सकाळी विचारावं तर तिला त्यातलं काही आठवत नसतं. आपण जरा थट्टा करतो आणि दप्तर उचलून शाळेला पळतो. लहान मुलांमध्ये हे नेहमीचंच आहे. ती गाढ झोपेतली गडबड असते आणि मोठं होता होता बहुतेकांची आपोआप थांबते. तेव्हा तुम्ही स्वतः झोपेत बोलत असाल, तर घाबरून जाऊ नका बरं का!

पण समजा, घरातले आजोबा आयुष्यभर शांत झोपत आले आणि साठीच्या सुमाराला अचानक रात्री ओरडू लागले, हातपाय झाडू लागले, तर? आजची गोष्ट अशाच आजोबांची आहे. ते माझे सासरे. घरात लहानथोर सगळेच त्यांना आबा म्हणतात.

आबा आंदर मावळातले शेतकरी. आमच्याकडे भाताची शेती. पीक तयार व्हायला आलं की रानडुकरं शेतात शिरतात आणि एका रात्रीत खाचरांची नासाडी करून जातात. म्हणून तरुणपणी आबा शेतात माळा बांधून राखणीला बसायचे. हातात काठी आणि शेजारी पत्र्याचा डबा. डुकरं आली की डबा बडवायचा आणि आरोळी ठोकायची. त्यांची आरोळी पलीकडच्या वाडीत ऐकू जायची, असं मुलांच्या आजी सांगतात.

राखण सुटून बरीच वर्षं झाली होती. पण 2012 च्या सुमाराला ती आरोळी परत आली, आणि आली ती झोपेत! पहाटे तीन-चार वाजता आबा एकदम ओरडायचे, "हाड! हाड!" मुठी आपटायचे, लाथा झाडायचे. एकदा भिंतीवर हात आदळून त्यांची बोटं सुजली. एकदा आजींच्या दंडावर फटका बसला. हलवून जागं केलं की आबा लगेच भानावर येत आणि म्हणत, "अगं, डुकरं शिरली होती. हाकलली." स्वप्न त्यांना जसंच्या तसं आठवायचं.

वाडीत बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, बाहेरचं काहीतरी आहे. कुणी देवऋषीचं नाव सांगितलं. शेजारच्या घरातली मुलं संध्याकाळनंतर आमच्या ओसरीवर यायची थांबली. आजींनी आबांच्या मनगटात गंडा बांधला. "गंडा हाताला आणि लाथा पायाच्या, मग गुण कसा यावा?" असं आजी आता हसून म्हणतात. तेव्हा मात्र त्यांना हसू येत नव्हतं. त्यांनी आपलं अंथरूण माजघरात हलवलं.

अशी सात वर्षं गेली. 2019 साली आबांचा उजवा हात बसल्या जागी थरथरू लागला. चाल मंदावली. दारातून बाहेर पडताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होऊ लागले. सदऱ्याची बटणं लावायला पाच-पाच मिनिटं लागत. आणि ज्या आवाजाने डुकरं पळत, तो आवाज इतका बारीक झाला, की शेजारी बसलेल्यालाही कान पुढे करावा लागे.

आम्ही त्यांना पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात वाकवून पाहिला, बोटं एकमेकांवर टेकवायला लावली, खोलीत चालायला लावलं. मग ते आजींकडे वळले.

"आजी, यांची रात्रीची झोप कशी आहे? झोपेत ओरडतात, हातपाय मारतात का?"

आजी चकितच झाल्या. थरथरणारा हात दाखवायला आलो आणि डॉक्टर विचारतात झोपेचं! पण आजींनी सात वर्षांचं सगळं सांगितलं. डुकरांची स्वप्नं, सुजलेली बोटं, माजघरातलं अंथरूण. डॉक्टरांनी ते सगळं कागदावर लिहून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं, पार्किन्सन्स. आयुर्वेदात ज्याला कंपवात म्हणतात, तो हाच. "रात्रीचा आणि दिवसाचा, दोन्ही त्रास एकाच आजाराचे आहेत," ते म्हणाले.

परतताना आम्ही लोणावळा लोकलमध्ये बसलो होतो. माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने हळूच विचारलं, "आई, आबांना दिवसा नीट चालता येत नाही. मग रात्री झोपेत एवढ्या जोरात लाथा कशा मारता येतात?"

कान्हे स्टेशन आलं तरी मला त्याला उत्तर देता आलं नाही. पुढे मी वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले. मुलाला दिलेलं ते उत्तर आज तुम्हालाही सांगते.

आधी झोपेचं पाहू. आपण रात्रभर एकसारखे झोपत नाही. मधूनमधून एक निराळी झोप येते. तिच्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलत असतात. शिकागोमध्ये यूजीन असेरिन्स्की नावाचा संशोधक या गोष्टीचा माग काढत होता. प्रयोगासाठी त्याने कुणाला झोपवलं असेल? आपल्याच आठ वर्षांच्या मुलाला! मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवल्या आणि यंत्राची कागदी पट्टी पाहत बाबा रात्रभर जागा राहिला. 1953 साली असेरिन्स्की आणि त्याचे गुरू नथॅनियल क्लाइटमन यांनी हा शोध जगापुढे मांडला. या झोपेला 'रेम' झोप म्हणतात. आपण तिला स्वप्नझोप म्हणू, कारण आपली रंगीत, लांबलचक स्वप्नं बहुधा याच झोपेत पडतात. पहाटेकडे ती जास्त वेळ टिकते. आबांची डुकरं पहाटेच का यायची, ते आता कळलं ना?

स्वप्नात आपण धावतो, झाडावर चढतो, कबड्डी खेळतो. मग अंथरुणात आपण धावत का नाही? कारण या झोपेत आपलं शरीर स्वतःला कुलूप घालून घेतं. मेंदूच्या खालच्या बाजूला, मानेच्या वर, मेंदूचा देठ असतो. तिथल्या काही पेशी हातापायांच्या स्नायूंना हुकूम पोचूच देत नाहीत. श्वास चालू राहतो, डोळे हलतात, बाकी सगळं सैल पडतं. फ्रान्समधल्या लिआँ शहरात मिशेल जूव्हे या शास्त्रज्ञाने मांजरांच्या मेंदूच्या देठातली नेमकी ही जागा निकामी करून पाहिली. 1965 साली त्यांनी लिहिलं, की ही मांजरं गाढ स्वप्नझोपेत असतानाच उठत, दबा धरत, समोर काहीही नसताना झडप घालत. त्यांचं कुलूपच मोडलं होतं.

माणसांतही असं होतं, हे 1986 साली अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड या डॉक्टरांनी दाखवून दिलं. त्यांच्याकडे आलेली वयस्कर माणसं झोपेत स्वप्नं अक्षरशः जगत होती. कुणी ठोसे मारत होतं, तर कुणी पलंगावरून उडी घेत होतं. पुढे दहा वर्षांनी, 1996 साली, त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. असा त्रास असलेल्या 29 पुरुषांपैकी 11 जणांना नंतरच्या वर्षांत पार्किन्सन्ससारखा आजार झाला होता. 2019 साली तर निरनिराळ्या देशांतल्या 24 केंद्रांनी मिळून 1280 माणसांचा अभ्यास मांडला. तपासणीने हा झोपेचा त्रास पक्का ठरलेल्या माणसांपैकी बारा वर्षांत सुमारे चारात तिघांना पार्किन्सन्स किंवा त्याच कुळातला आजार होतो, असं त्यातून दिसलं.

म्हणजे हात थरथरण्याच्या कितीतरी आधी झोप काहीतरी सांगत असते. असं का व्हावं?

मावळातल्या आणि लोणावळ्याच्या मुलांना हे समजणं सोपं आहे, कारण आपल्या शेजारी बोरघाट आहे. 1863 सालापासून या घाटातून रेल्वे चालते. मुंबईकडून येणाऱ्या बऱ्याच लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. ती बँकर इंजिनं. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात, तेव्हा कुठे गाडी चढण चढून लोणावळ्याला पोचते. आणि घाट उतरताना सगळी मदार कशावर? ब्रेकवर! चढायला जोर हवा आणि थांबवायला ब्रेक हवा. यातलं एक जरी नसलं तरी घाटात गाडी चालायची नाही.

आपल्या शरीराचंही तसंच आहे. रात्री स्वप्न पडतं तेव्हा ब्रेक लागलेला हवा. तो ब्रेक म्हणजे मेंदूच्या देठातलं कुलूप. दिवसा चालायचं असतं तेव्हा जोर लावणारं इंजिन हवं. ते इंजिन म्हणजे डोपामिन नावाचं द्रव्य. देठाच्या वरच्या टोकाला काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. त्या पेशी डोपामिन तयार करतात. ते पुरेसं असेल तर 'हात उचल', 'पाय टाक' हे हुकूम झटकन पार पडतात. कमी पडलं तर माणूस मंद होतो, ताठर होतो आणि हात थरथरतो.

2003 साली जर्मनीतले हायको ब्राक आणि त्यांचे सहकारी यांनी एक विचार मांडला. मेंदूत हा आजार बऱ्याच जणांमध्ये देठाच्या खालच्या भागापासून सुरू होतो आणि हळूहळू वर चढत जातो. म्हणजे पायथ्याच्या पळसदरीला सुरुवात, वाटेत ठाकूरवाडी, मग वर लोणावळा! ठाकूरवाडीशी रात्रीचं कुलूप आहे, म्हणून ते आधी मोडतं. लोणावळ्याला डोपामिनच्या पेशी आहेत. आजार तिथे पोचेपर्यंत वर्षं जातात. आणि हात थरथरू लागतो तोवर तिथल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. सगळ्याच रोग्यांत आजार याच वाटेने चढतो असं नाही. कित्येकांना झोपेचा हा त्रास कधीच होत नाही. पण आमच्या आबांचा घाट मात्र असाच चढला.

आता माझ्या मुलाचा प्रश्न. आबा दिवसा अडखळतात, मग झोपेत इतक्या जोरात लाथा कशा मारतात? पॅरिसच्या डॉक्टरांनाही हाच प्रश्न पडला होता. पार्किन्सन्स असलेल्या आणि झोपेत हातपाय मारणाऱ्या 53 माणसांच्या जोडीदारांना त्यांनी विचारलं, "यांच्या रात्रीच्या हालचाली कशा असतात?" 2007 साली प्रसिद्ध झालेलं उत्तर ऐका. झोपेतल्या हालचालींत किंवा बोलण्यात काही ना काही दिवसापेक्षा चांगलं असतं, असं सगळ्या 53 जणांनी सांगितलं! बहुतेकांच्या हालचाली अधिक जलद आणि जोरकस होत्या, बोलणं अधिक स्पष्ट होतं. स्वप्नातला हुकूम दिवसाच्या नेहमीच्या वाटेने न जाता दुसऱ्याच वाटेने हातापायांपर्यंत पोचत असावा, असं त्यांचं अनुमान आहे.

याचा अर्थ तुमच्या लक्षात आला का? आबांचे पाय धड आहेत. त्यांचा आवाजही गेलेला नाही. बिघाड आहे तो हुकूम पोचवणाऱ्या वाटेत. हे ऐकल्यावर माझ्या मुलाचा चेहरा उजळला. "म्हणजे आबांची आरोळी आत आहे," तो म्हणाला.

दुसरी वाट जागेपणीही सापडते. पुण्यात वाढलेल्या मिलेहा सोनेजी या वस्तुरचनाकार मुलीच्या काकांना पार्किन्सन्स होता. ते सपाट जमिनीवर अडखळत, पण जिना मात्र सहज उतरत. मग तिने काय केलं? सपाट जमिनीवर जिन्याच्या पायऱ्या वाटाव्यात असं चित्र रंगवलं. काका त्या चित्रावरून चालू लागले! ही हकिकत तिने 2015 साली एका भाषणात सांगितली. समोर रेघ दिसली, पायरी दिसली, ठेका ऐकू आला, की अडलेला पाय पुष्कळदा सुटतो. पुण्यातच नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स असलेल्यांना नाच शिकवला, तोही ठेक्याच्या या जोरावरच.

आता औषधाचं. त्याची कथा आपल्या रानातून जाते. आपल्या देशात सर्पगंधा नावाची वनस्पती आहे. तिच्यामुळे रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली जगाला पटवून दिलं. 1952 साली त्या मुळीतलं रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिलं, तर ससे जागच्या जागी निश्चल बसले. मग त्यांनी सशांना लेव्होडोपा नावाचं द्रव्य टोचलं आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. हे 1957 सालचं. रेसर्पिनने सशांच्या मेंदूतलं डोपामिन संपवलं होतं आणि लेव्होडोपापासून ते पुन्हा तयार झालं. याच कामासाठी कार्लसन यांना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळालं. आजही पार्किन्सन्सचं मुख्य औषध लेव्होडोपाच आहे.

आणि हे लेव्होडोपा कुठे सापडतं, माहीत आहे? खाजकुयलीच्या बियांत! हो, तीच वेल. तिच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की आपण खाजवून खाजवून रडकुंडीला येतो. दामोदरन आणि रामस्वामी या मद्रासच्या संशोधकांनी 1937 साली त्या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढलं. 1978 साली मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बियांचं चूर्ण पार्किन्सन्सच्या रोग्यांना देऊन पाहिलं आणि त्याचा उपयोग नोंदवला. पण म्हणून कुणी रानातून बिया आणून आजोबांना देऊ नका हं! किती बियांत किती औषध आहे, हे घरी मोजता येत नाही. मात्रा चुकली तर उलट्या होतात, नको त्या हालचाली होतात, भास होतात. औषध डॉक्टरांनीच ठरवायचं.

या औषधाचा जोर काही तास टिकतो. रात्रीची गोळी उतरली की पहाटे दोन-तीनला अंग लाकडासारखं होतं. थरथर झोपेत बहुधा थांबते, पण कूस बदलता येत नाही. तुम्ही रात्रीत किती वेळा कूस बदलता, कधी मोजलं आहे? आबांना एक कूस बदलायला तीन वेळा प्रयत्न करावा लागे. लघवीला उठायचं तर आणखी कष्ट. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी आबा पेंगत आणि पाय जास्तच अडखळत. उलट एखादी रात्र चांगली गेली की सकाळी गोळी घ्यायच्या आधीच त्यांचं अंग जरा मोकळं वाटे. काही रोग्यांना झोपेचा असा फायदा होतो. म्हणून डॉक्टर म्हणाले, "दिवस सुधारायचा असेल तर रात्रीकडे बघा."

मग आम्ही रात्रीकडे पाहायला लागलो. आबांचा पलंग काढला आणि जमिनीपासून थोड्याच उंचीच्या पाटांवर गादी घातली. भिंतीच्या बाजूला उशा लावल्या. खुंटीवरचा कोयता आणि उशाशी असलेला काचेचा कंदील बाहेर गेला. आबांना घोंगडीची सवय, पण खरखरीत घोंगडीत अंग अडकतं आणि वळता येत नाही. म्हणून खाली गुळगुळीत चादर घातली आणि अंगावर हलकी दुलई दिली. उशाशी एक छोटी घंटा ठेवली. न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा लावला.

आणि माझ्या मुलाने एक वही घातली. त्यात चार रकाने आखले. गोळी किती वाजता घेतली, रात्री किती वेळा उठले, झोपेत ओरडले का, सकाळी चाल कशी होती. आजी रात्रीचं सांगत, तो शाळेला जायच्या आधी लिहून ठेवी. महिन्याने ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. ती पाहून त्यांनी रात्रीच्या गोळीची वेळ बदलली आणि झोपेतल्या लाथांसाठी वेगळं औषध सुरू केलं. आता महिन्यातून एखाद्या रात्री डुकरं येतात. आजींचं अंथरूण पुन्हा त्याच खोलीत आलं आहे, फक्त हात पोचणार नाही इतक्या अंतरावर.

हा आजार बरा होत नाही. तो पुढे सरकतोच, आबांचाही सरकतो आहे. मागच्या पावसाळ्यात ते दोनदा पडले. झोपेचा इशारा ओळखून आजार वाटेतच अडवता येईल का, याचा शोध जगभर चालू आहे, पण तसं औषध अजून हाती आलेलं नाही. मग आधी कळून उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. उपयोग आहे. माणसाला इजा होत नाही. त्याला भुताने झपाटलं असं कुणी म्हणत नाही. योग्य डॉक्टरांकडे वेळेवर जाता येतं. आणि हातपाय हलते ठेवणारा व्यायाम लवकर सुरू करता येतो, त्याचा मोठा आधार होतो.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रोग्याला 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर'. किती छान शब्द आहेत! माझ्या मुलाला ते सांगितले तेव्हा त्याने लगेच वहीवर नावाखाली 'शुभंकर' असं लिहून टाकलं.

मुलांनो, तुम्हीही शुभंकर होऊ शकता. घरातले आजी-आजोबा झोपेत ओरडत असतील, तर त्यांची नक्कल करून हसू नका आणि घाबरून दूरही पळू नका. आईबाबांना सांगा. लाथा झाडणाऱ्या माणसाला एकदम जाऊन धरू नका. लांबून नावाने हाक मारा. जवळची टोचणारी, फुटणारी वस्तू दूर ठेवा. आणि झोपेत हातपाय हलवणाऱ्या प्रत्येकाला पार्किन्सन्स होतो असंही समजू नका. काही औषधांमुळे किंवा झोपेत श्वास अडल्यामुळेही असं होतं. खरं काय ते डॉक्टर तपासून ठरवतात. त्यासाठी रात्रभर झोपेची नोंद घेणारी तपासणी असते.

ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांनी ओसरीवर खडूने पाऊलभर अंतरावर आडव्या रेघा काढून पाहाव्यात. मात्र सोबत मोठं माणूस हवं. आबांच्या पुढे आम्ही टाळ वाजवतो. भजनाचा ठेका धरला की दारातला अडलेला पाय उचलला जातो. आणि आजोबांचं बोलणं बारीक येत असेल तर "काय? काय?" असं ओरडू नका. जवळ जाऊन बसा, त्यांना वेळ द्या. एक वाक्य पूर्ण व्हायला तुमची अर्धी मिनिटं जातील, जाऊ द्या.

आईबाबांनाही एक विनंती. घरात साठीच्या पुढचं माणूस असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना त्यांच्या रात्रींबद्दलही सांगा. ते सांगू शकतं शेजारी झोपणारं माणूसच, बहुधा घरातली आजी. तिला सोबत घेऊन जा आणि तिला बोलू द्या.